सिद्धेश्वराने सोडवलेली मूठ

त्या दिवसांत माझा देवावरचा विश्वास उडाला होता असे म्हटले तर ते खरे होणार नाही. विश्वास होता. पण त्याचा माझ्या उजव्या हाताला काही उपयोग होत नव्हता. सकाळी अंघोळीनंतर विभूती लावून नमस्कार करताना जो हात अगदी नीट जुळायचा, तोच हात दुपारी कचेरीत साहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले की लाकडासारखा व्हायचा. देव सकाळपुरताच का असतो, असा प्रश्न तेव्हा मनात यायचा. तो कुणाला विचारण्याचे धैर्य नव्हते, म्हणून मी तो कचेरीपासून खोलीपर्यंतच्या वाटेवर स्वतःलाच विचारत असे.

बहात्तरच्या दुष्काळातून गावे जरा कुठे सावरत होती, तेव्हा मला सोलापुरात एका सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. ते मोहोळच्या बाजारात एका अडत दुकानावर हमाल होते. माझे शिक्षण झाले ते त्यांच्या पाठीवर, असे मी म्हणतो तेव्हा त्यात अलंकार काही नसतो. ज्वारीच्या पोत्यांखाली ती पाठ रोज वाकायची आणि मी सावलीत बसून अक्षर गिरवायचो. त्यामुळे असेल, माझे अक्षर फार चांगले झाले. मोहोळच्या शाळेत फळ्यावर सुविचार लिहायचे काम कायम माझ्याकडे असे. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, आणि त्या पदवीपेक्षाही आईला माझ्या अक्षराचे कौतुक जास्त. तिला वाचता येत नव्हते. ती म्हणायची, "तुझं लिवलेलं नुसतं बघितलं तरी बरं वाटतं."

आमचे साहेब कामाला पक्के आणि जिभेला कडक. मसुदा सांगताना खुर्चीत बसायचे नाहीत. लिहिणाऱ्याच्या मागे येऊन उभे राहायचे आणि त्याच्या डोक्यावरून कागदाकडे बघत सांगायचे. आमच्या शाखेत बाकी सगळे मॅट्रिक झालेले जुने लोक होते, म्हणून माझे नावच साहेबांनी 'पदवीधर' ठेवले होते. पहिल्या महिन्यात माझ्याकडून एक ओळ सुटली. साहेब मागून म्हणाले, "काय पदवीधर, तुमच्या कॉलेजात ओळी गाळून लिहायला शिकवतात का?" सगळे हसले. मीही हसलो. पण त्या हसण्याच्या वेळी माझी बोटे टाकाभोवती जी आवळली गेली ती साहेब जागेवर जाईपर्यंत सुटली नाहीत.

पुढे हे वाढतच गेले. साहेबांच्या खोलीतली घंटी वाजली की माझा टाक थांबायचा. घंटी दुसऱ्या कुणासाठी असली तरी थांबायचा. मग पाठीमागे त्यांच्या बुटांचा आवाज आला की मान आखडायची, श्वास वरच्या वर राहायचा आणि उजव्या हाताची मूठ मिटायची. टाकाची निब कागदात रुतून मोडायची. मग डाव्या हाताने उजव्या हाताचे एकेक बोट उघडायचे आणि शाई पुसायची. साहेब गेले की पाच-दहा मिनिटांत हात पुन्हा माझा व्हायचा आणि मोत्यासारखे अक्षर काढायचा. हीच त्यातली मोठी पंचाईत होती. लोकांना ते सोंग वाटे. नोकरीत कायम करायचे की नाही हे साहेबांच्या शेऱ्यावर होते. त्यांनी माझी मुदत दीड वर्षाने वाढवली आणि मला समोर उभे करून सांगितले, "ज्याचा हात चालत नाही तो कारकून काय कामाचा? या मुदतीत सुधारा, नाहीतर मोहोळचा रस्ता तुम्हाला माहीत आहेच." ही गोष्ट मी घरी सांगितली नाही. आई गल्लीत सगळ्यांना माझ्या अक्षराबद्दल सांगत होती.

एका डॉक्टरांनी ताकदीची इंजेक्शने दिली. दुसऱ्यांनी हात हलवून बघितला, काही नाही म्हणाले. मग कुणीतरी सुचवले म्हणून मी एका दवाखान्यात नसांच्या तक्रारी बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वयाने माझ्याहून थोड्या मोठ्या असतील. टेबलामागच्या भिंतीवर बुद्धाची लहानशी तसबीर होती. सोलापुरातल्याच एका वस्तीत वाढलेल्या, घरात शिकलेल्या पहिल्याच, हे मला नंतर कळले. त्यांनी माझा हात तपासला आणि मग एक अगदी साधी गोष्ट केली. स्वतः उठून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता लिहा." माझी मूठ मिटली. त्या लगेच पुढे आल्या, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या. जरा वेळाने मूठ सुटली.

"म्हणजे हे सोंग नाही," मी म्हणालो. इतक्या दिवसांत मलाही तसा संशय येऊ लागला होता.

"हात सोंग कशाला करील?" त्या म्हणाल्या. "रस्त्यात बैल अंगावर आला तर तुम्ही विचार करून उडी मारता का? अंग आधी उडी मारतं, विचार मागनं येतो. तसंच आहे हे. पण साहेबांसमोर उडी मारता येत नाही, पळता येत नाही, भांडता तर मुळीच येत नाही. खुर्चीवर बसून 'होय साहेब' म्हणावं लागतं. मग ती उडी जाणार कुठं? अंगातच अडकते. तुमच्या ती हातात अडकलीय."

एवढ्या सोप्या शब्दांत माझ्याबद्दल कुणी कधी बोलले नव्हते. त्या पुढे म्हणाल्या, "भीती वरून खाली पायऱ्यांनी उतरत येते. ओरडणारा माणूस ओरडून मोकळा होतो. ऐकणाऱ्याच्या नसा मात्र दिवसभर ताणलेल्या राहतात. घंटी त्यांच्या हातात आणि कान तुमचे, असं वर्षभर चाललं तर कान नुसती पावलं ऐकूनही घाबरायला शिकतात. यात तुमचा भित्रेपणा काही नाही." मग त्यांनी विचारले, "हा हात यापूर्वी कधी असा मिटला होता का?"

मी नाही म्हणणार होतो, आणि एकदम मला मोहोळचा बाजार दिसला. मी प्राथमिक शाळेत असेन. आण्णांची भाकरी घेऊन अडतीवर गेलो होतो. त्यांच्या पाठीवरचे पोते फाटले आणि ज्वारी भुईवर सांडली. दुकानाच्या मुकादमाने मागून येऊन त्यांच्या मानेवर एक चापट मारली. जोरात. आण्णा वळले, आणि हसले. "चुकलं मालक," म्हणाले आणि खाली बसून ज्वारी गोळा करू लागले. त्या चापटीपेक्षा मला ते हसणे जास्त लागले. घरी आल्यावर आई भाकरीचे रिकामे फडके माझ्या हातातून घेऊ लागली तर बोटे सुटेनात. तिने तेल लावून ती सोडवली.

बाईंनी हे सगळे ऐकून घेतले. "त्याच्यामुळेच हे झालं, असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण अंग विसरत नाही एवढं खरं. आणि घाबरलेल्या अंगाला समजावून शांत करता येत नाही. रडणाऱ्या मुलाला आई काय व्याख्यान देते का? छातीशी धरते. तिचा श्वास ऐकून त्याचा श्वास खाली येतो. तुम्हालाही चार शांत माणसांची सोबत लागेल. भजनाला जा, लेझीम खेळा, काहीही अंगमेहनतीचं करा, पण जिथं कुणी तुमच्या वरचा नाही अशा ठिकाणी करा. आणि एकट्यानं करू नका." निघताना मी विचारले, तुम्हाला कधी असे होते का? त्या हसल्या. "तोंडी परीक्षेत माझी जीभ टाळूला चिकटायची. अजूनही मोठ्या सभेत बोलण्याआधी तांब्याभर पाणी लागतं." त्या बाईंबद्दलचा माझा आदर त्या एका वाक्याने शतपट झाला. आपला घसा कोरडा पडतो हे सांगून दुसऱ्याला धीर देणारी शिकलेली माणसे मी फार बघितलेली नाहीत.

त्या रविवारी मी मोहोळला गेलो. ती जुनी गोष्ट आण्णांना आठवते का, विचारले. ते दारात बसून सुंभ वळत होते. "कुनी मारलं? मला न्हाई बाबा आठवत," म्हणाले. मी विषय सोडला. बऱ्याच वेळाने सुंभावरची नजर न काढता ते म्हणाले, "पन कोन मागनं आलं की माजी मान आपसूक आत जाती. तुजी आई हसती. कासव म्हनती मला." आई चुलीपाशी हसली. मला हसता आले नाही.

मार्गशीर्ष लागला होता. सोमवारी संध्याकाळी कचेरी सुटल्यावर मी सिद्धेश्वराच्या देवळात गेलो. तळ्यात देवळाचे प्रतिबिंब हलत होते. आजवर देवाकडे मी कधी हट्ट केला नव्हता, कारण हमालाच्या पोराला पदवी मिळाली, आणखी काय मागायचे असे वाटायचे. त्या दिवशी मात्र मी गाभाऱ्यासमोर उभा राहून मनात स्पष्ट म्हणालो, माझा हात मला दे, नाहीतर सरळ घरी पाठव. हे रोजचे मरण नको. पुढे काही घडले नाही. गुरव विभूती देत होता, लोक येत-जात होते. मी बाहेर आलो.

तळ्याच्या कडेने चार-पाच जण एक लांबच लांब वेळूची काठी घेऊन चालले होते. परगावच्या वाचकांसाठी सांगतो. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, तेव्हा गावातून नंदीध्वज निघतात. दुमजली घरापेक्षा उंच अशी सजवलेली काठी एकच माणूस कमरेच्या पट्ट्यावर पेलून चालतो, आणि थकला की दुसरा घेतो. त्याचा सराव दीड-दोन महिने आधीपासून साध्या काठीवर चालतो. त्या लोकांत पुढे एक साठीचे, जाड भुवयांचे गृहस्थ होते. त्यांच्या धोतराचा काचा सुटला. त्यांनी इकडेतिकडे बघितले आणि नेमके मला म्हणाले, "ए, हितं ये की. जरा हात दे."

हात मागायला आलेल्या माणसाकडे बाहेर कुणीतरी हातच मागत होते. तेव्हा हे माझ्या लक्षात आले नाही. मी घाईने जाऊन उभी काठी धरली. इतर दोघांचा तिला आधार होता, तरी तिचा वरचा तोल अंगात कळला आणि माझी मूठ मिटली. ते गृहस्थ धोतर सावरून आले तरी मला काठी सोडता येईना. मी शरमेने घामाघूम झालो. ते माझ्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कारकून दिसतोस. काठीचा गळा दाबायलास व्हय? तिनं काय बिघडवलंय तुझं?" बाकीचे हसले. ते हसणे कचेरीतल्यासारखे नव्हते. त्या गृहस्थांना घाई नव्हती. त्यांनी माझ्या मुठीवर आपला हात ठेवला आणि बाकीच्यांशी धान्याच्या बाजाराबद्दल बोलत उभे राहिले. कानडीत काहीतरी थट्टा केली. बोलता बोलता मूठ सुटली. "सुटली बघ," ते म्हणाले. "उद्या ये."

त्यांना सगळे अप्पा म्हणत. भुसार बाजारात त्यांचे धान्याचे दुकान होते. माणूस तोंडाने फटकळ, भज्यांचा शौकीन, आणि गुडघे दुखतात म्हणून रोज सिद्धेश्वराला शिव्या देणारा. पण काठीला हात लावायच्या आधी पायातल्या वहाणा काढून तिच्या बुडाशी डोके टेकणारा. माझे काय दुखणे आहे ते त्यांनी कधी विचारले नाही. मी आपणहून सांगितले तेव्हा ते म्हणाले, "नव्या मानसाची मूठ आवळतीच की. तुझी जरा जास्त आवळती, एवढंच." मी ज्याला आजार समजत होतो त्याला त्या मंडळींत नवखेपणा म्हणत होते, आणि नवखेपणावर उपाय सगळ्यांना माहीत होता.

नंदीध्वज पेलण्यात एक गोष्ट अशी आहे की ती सांगून कळत नाही. काठी हाताने धरायची नसते. तिचे बूड कमरेच्या पट्ट्यावरच्या खोबणीत बसते, वजन कंबर घेते, तोल पाय घेतात. हात नुसते सोबतीला. हाताने आवळली की खांदे ताठ होतात, खांदे ताठ झाले की श्वास अडकतो, आणि इथे श्वास अडकला की तिथे वर, शेंड्याला, काठी झोल खाते. दुसरी चूक म्हणजे हातांकडे बघणे. नजर शेंड्याकडे हवी. पहिल्या हिवाळ्यात या दोन्ही चुका मी इतक्या वेळा केल्या की अप्पांनी मला 'फौजदार' म्हणायला सुरुवात केली, कारण मी काठीला अटक करतो. "बिडो," ते कानडीत म्हणायचे, म्हणजे सोड रे. "बिडो, फौजदार. ती पळून जात न्हाई. वर बघ. वर कोन हाय?" मी म्हणायचो, आभाळ. "मग त्याला धरू दे की. तू नुसतं चाल."

त्या यात्रेत मला नंदीध्वजाला हात लावायला मिळाला नाही, मी नुसता यात्रेचा पांढरा अंगरखा, बाराबंदी, घालून बरोबर चाललो. कचेरीत हाताचे तसेच चालले होते. पण एक फरक पडला. पूर्वी मूठ मिटली की मी स्वतःचा राग राग करायचो. आता मनात अप्पांचा 'बिडो' ऐकू यायचा आणि रागाची जागा थोडी रिकामी व्हायची.

पावसाळ्यात कधीतरी एक गोष्ट घडली, ती लिहिली पाहिजे. मी फाईल घेऊन साहेबांच्या खोलीत उभा होतो. वरच्या कार्यालयातून ट्रंककॉल आला. साहेबांनी फोन कानाला लावला आणि खुर्चीवरून उठून उभे राहिले. समोर कुणी नव्हते, मी होतो तो कारकून. तरी ते उभे राहिले. डाव्या हाताने शर्टाचे वरचे बटण लावले. "होय सर. चूक झाली सर," म्हणाले आणि हसले. तेच हसू मी मोहोळच्या बाजारात बघितले होते. मोकळा हात मांडीजवळ होता. त्याची मूठ घट्ट मिटलेली होती. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "काय बघताय? फाईल ठेवा आणि निघा." मी निघालो. पण त्या दिवसापासून साहेबांच्या बुटांच्या आवाजात मला बुटांतला माणूसही ऐकू येऊ लागला. भीती वरून खाली अशी पायऱ्यांनी उतरत येते, हे मला डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते. ती उतरताना मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितली.

दुसऱ्या वर्षीचा सराव संपत आला तेव्हा अप्पा म्हणाले, "अक्षतेदिवशी थोडी वाट तुला देनार हाय. थोडीच. लगेच फुगू नकोस." अक्षता म्हणजे यात्रेतला लग्नसोहळा. लाखभर लोक देवाच्या लग्नाला जमतात आणि अक्षता टाकतात. माझ्या नोकरीचा शेराही संक्रांतीनंतरच पडायचा होता. मी आण्णांना आणि आईला मोहोळहून बोलावून घेतले. मिरवणुकीच्या वाटेवर समोरच्या बाजूला एका दुकानाच्या पायरीवर मी त्यांना उभे करून दिले.

मला नंदीध्वज मिळाला तेव्हा पहिल्यांदा कळले की साधी काठी आणि सजवलेला ध्वज यांत किती फरक आहे. वर फुलांचे, खारकांचे, खोबऱ्याचे हार होते. वारा लागला की ते सगळे एकदम एका बाजूला जात. पण मी वर बघितले, पाय चालू लागले आणि काही वेळ तर मला माझे हात असल्याची आठवणही राहिली नाही. लोक 'हर्र बोला हर्र' म्हणत होते. मग गर्दीने मिरवणूक थांबली. थांबली की लोक पुढे येऊन ध्वजाला हार घालतात, बुडाशी माथा टेकतात. एक गृहस्थ नारळ घेऊन वाकले, माथा टेकला आणि वर बघितले. ते आमचे साहेब होते.

त्यांनी मला ओळखले. तोंडातून हळूच निघाले, "पदवीधर?"

अंग काय करते पाहा. साहेब समोर आले की उभे राहून हात जोडायचे, ही सवय हाडात मुरलेली. माझे दोन्ही हात नमस्कारासाठी काठीवरून सुटू लागले. ते सुटता कामा नयेत हे ध्यानात आले आणि उजव्याची मूठ मिटली. खांदे वर आले. श्वास अडकला. वर हार सळसळले आणि ध्वज झुकू लागला. भोवतीच्या लोकांनी 'अरे अरे' असा आवाज केला. अप्पा पुढे होते, ते वळले, पण मध्ये माणसे होती. मला दिसले ते एवढेच की आता हा माझ्या हातून जाणार. लोकांवर पडणार. आई-आण्णांच्या देखत.

तेवढ्यात पाठीवर कुणीतरी तळवा ठेवला. दोन्ही खांद्यांच्या मधोमध. रुंद, ऊबदार तळवा. त्याने मला ढकलले नाही, धरलेही नाही, काही सांगितले नाही. नुसता होता. आणि तळव्यातून श्वास कळतो हे मला तेव्हा कळले. सावकाश, अगदी सावकाश चाललेला एक श्वास. माझा श्वास त्याच्या मागोमाग खाली आला. खांदे उतरले. मूठ सुटली ती मी सोडवली नाही. मी नुसते वर बघितले. हारांच्या पलीकडे आभाळ होते, आणि ध्वज आपल्या जागी उभा होता. साहेब हात जोडून बाजूला झाले. मी चालू लागलो.

पुढच्या वळणावर दुसऱ्याने ध्वज घेतला आणि मी लगेच मागे वळलो. माझ्या मागे मोकळा रस्ता होता. मागून येणारा नंदीध्वज बराच लांब होता. अप्पा घाम पुसत आले तेव्हा मी विचारले, "अप्पा, माझ्या मागं कोण होतं?"

"मागं? मागं कोन न्हवतं की," ते म्हणाले. "मीच राहनार व्हतो, पन फुडं गर्दी फुटली म्हनून मी तिकडं गेलो. म्हनून तर माझं काळीज तोंडात आलं."

"पाठीवर कुणीतरी हात ठेवला."

अप्पांनी माझ्याकडे जरा वेळ बघितले. "मग बरंय की," म्हणाले. "इच्चारतोस कशाला?" आणि भजी कुठे मिळतात ते बघायला निघाले.

मी आण्णांनाही विचारले. ते पायरीवरून हलले नव्हते, आईचा पदर धरून उभे होते. गर्दीतला कुणी भला माणूस असेल. मागे येऊन हात ठेवून लगेच पांगला असेल. असेलही. मी यावर कुणाशी वाद घातला नाही आणि आजही घालत नाही. डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितले तेव्हा त्यांनी माझा हात घेतला, उघडून मिटून बघितला. "तो हात कुणाचा, हे माझ्या पुस्तकात नाही," त्या म्हणाल्या. "पण तो जे करून गेला ते बरोबर केलं. तुमच्या सिद्धेश्वराला माझा नमस्कार सांगा." मी सांगितला.

यात्रा संपल्यावर कचेरी उघडली. दुपारी घंटी वाजली. बुटांचा आवाज मागे येऊन थांबला आणि साहेब मसुदा सांगू लागले. माझी मूठ मिटू लागली. मी तिच्याशी भांडलो नाही. पाठ सैल सोडली आणि खांद्यांच्या मधोमध ती ऊब आठवली. मग मी जे आजवर कधी बोललो नव्हतो ते बोललो. "साहेब, जरा थांबता का? पहिलं वाक्य परत सांगा." शाखेतले सगळे टाक थांबले. साहेबांनी ते वाक्य परत सांगितले, थोडे सावकाश. मी लिहू लागलो. पूर्ण पान झाल्यावर त्यांनी ते उचलून बघितले.

"पहिली ओळ वाकडी आहे," म्हणाले.

"होय साहेब."

"बाकीचं बरं आहे." आणि कागद घेऊन गेले. यात्रेतल्या भेटीबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही नाही. नंतर ते माझ्या मागे कधी उभे राहिले नाहीत असे नाही. राहिले. हात कधी कधी मिटायचा, मग सुटायचा. महिन्याभरात मला कायम केल्याचा हुकूम आला. आईने तो कागद उलटा धरून बराच वेळ बघितला आणि देवापुढे ठेवला.

हे लिहिण्याचे कारण एवढेच की शरण जाणे या शब्दाचा मी फार दिवस चुकीचा अर्थ धरला होता. मान खाली घालणे, हसून 'चुकलं मालक' म्हणणे, याला मी शरण जाणे समजत होतो. ती शरणागती भीतीची असते, तिने मूठ आवळते. देवाला शरण जाताना मूठ सुटते. दोन्हींत माणूस वाकलेलाच दिसतो, म्हणून बाहेरून फरक कळत नाही. अंगाला मात्र कळतो. सिद्धेश्वराने मला हे शिकवायला एक डॉक्टरीणबाई दिल्या, एक फटकळ अप्पा दिले, आणि ज्याचा चेहरा मी बघितला नाही असा एक तळवा दिला. या तिघांचे ऋण फेडण्याची भाषा मी करत नाही. आज माझ्या हाताखाली दोन नवी माणसे आहेत. त्यांना काही सांगायचे असले की मी खुर्ची ओढून शेजारी बसतो, एवढे करतो.

मोहोळला गेलो की गल्लीच्या तोंडापासूनच मी मोठ्याने सांगत येतो, "आण्णा, मी आलोय." मागून एकदम कुणी आले की त्यांची मान आत जाते, ती जाऊ नये म्हणून. परवा गेलो तेव्हा गल्लीतल्या एकाशी बोलण्याच्या नादात ते राहून गेले. आण्णा दारात पाठमोरे बसून सुंभ वळत होते. मी जवळ पोहोचल्यावर माझ्या ध्यानात आले, आणि आता हाक मारली तर दचकतील असे वाटले. म्हणून मी काही न बोलता त्यांच्या पाठीवर, ज्या पाठीवर मी शिकलो तिच्या मधोमध, तळवा ठेवला आणि नुसता उभा राहिलो. श्वास सावकाश चालू दिला.

त्यांची मान आत गेली नाही. सुंभाचा पीळ तसाच चालू राहिला.

"आलास व्हय?" आण्णा म्हणाले. "ठेव. हात तसाच ऱ्हाऊ दे जरा."